रफारगुरुजी

भाद्रपद जवळ आला की बारामतीत दोन गोष्टी रस्त्यावर येतात: मांडव आणि रफारगुरुजी. हे कुणा एकाचं नाव नव्हे, ही जमात आहे. पेन्शन झेडपीची, खिशात लाल पेन आणि नजर कायम फ्लेक्सवर. फ्लेक्सवर आपल्या नेत्याचा फोटो केवढा आला हे सगळे बघतात. खालचा मजकूर वाचणारे गुरुजी एकटेच.

‘गणपती बाप्पा मोर्या’ दिसलं की सायकल स्टँडवर लागते.

“पोरांनो, हा रफार दिलात की देव चंद्रगुप्त मौर्याच्या घरातला होतो. रफार काढून आडवी रेघ देऊन ‘मोऱ्या’ लिहिलंत, तर थेट न्हाणीघरात जातो. देवाला बसवायचंय कुठं?”

“गुर्जी, प्रिंट निघाली. आता पैसं कोण देणार?”

पैशाचा विषय निघाला की गुरुजी इतिहासात शिरतात. मोरगाव आपल्याच तालुक्यात, कऱ्हेकाठी. “आडवी रेघ त्या कऱ्हेची आहे, ती तिच्याकडंच राहू द्या!” अष्टविनायकांतला हा पहिला गणपती. मोरावर बसून सिंधू दैत्याला मारलं म्हणून मयूरेश्वर. लोकांनी त्याचा मोरेश्वर केला आणि लाडानं मोरया. त्याच्या कृपेनं झालेल्या मुलाचं नाव आईबापांनी मोरया ठेवलं, अशी कथा आहे. तेच चिंचवडचे मोरया गोसावी. त्यांच्या समाधिस्थानाहून मोरगावला अजून भाद्रपदात आणि माघात पालखी येते. म्हणजे देवाचं नाव भक्ताला मिळालं आणि भक्ताचं देवाच्या जयघोषात गेलं. “आता सांगा, आरोळी नक्की कुणाच्या नावाची?” गुरुजी उत्तरासाठी थांबतात, तोवर पोरांनी स्पीकर जोडलेला असतो.

मग शेवटचं अस्त्र म्हणजे मोरोपंत. पन्हाळ्यावर जन्मले, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं आयुष्य बारामतीत काढलं. त्यांचंही नाव मोरेश्वरच. काव्याला नाव दिलं ‘केकावली’, म्हणजे मोराच्या केकांची माळ. “ज्या गावात असा कवी राहिला, त्या गावात मोराची ही दशा?” या प्रश्नाला मंडळाचा अध्यक्ष मान खाली घालतो, कारण त्याला मोबाइल बघायचा असतो.

वर्गणीचा गुरुजींचा दर ठरलेला: पावती शुद्ध असेल तर ५०१, चुकीमागं ५० वजा. ‘गणपती’ची वेलांटी दीर्घ हवी, पण ‘गणपतिपूजन’ ऱ्हस्व. एवढ्या एका शब्दावर मंडळाचे किती पन्नास बुडाले असतील! शेवटी हुशार खजिनदारानं पावतीपुस्तकाचं प्रूफ आषाढातच गुरुजींकडून तपासून घेतलं. तेव्हापासून पूर्ण वर्गणी मिळते. फ्लेक्स मात्र तसाच ठेवतात. “त्यो बी दुरुस्त केला तर गुर्जी मांडवात येतील कशाला?”

गौरीजेवणाला गुरुजी इंदापूरला व्याह्यांकडे जातात. व्याही त्याच जमातीतले, पण कडव्या पंथाचे. ते अजून ‘गणपति’ लिहितात. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी ही वेलांटी दीर्घ केली, तेव्हापासून मराठीची घसरण सुरू झाली असं त्यांचं मत. पुरणपोळीवर तूप पडायच्या आत ऱ्हस्व-दीर्घ पेटतं. विहीणबाई दोघांच्या ताटात वाढत म्हणतात, “पोळीत वेलांटी नाही. जेवा.”

आणि मग अनंत चतुर्दशी. ढोल तापलेले, गुलालात लाल पेनही ओळखू येत नाही. कुणीतरी ‘गणपती बाप्पा’ म्हणतं आणि सगळ्यांत मोठा आवाज गुरुजींचा: “मोऱ्या!”

खजिनदार कानाशी येतो. “गुर्जी, न्हाणीघर?”

“गप रे! नियम लिहिण्याचे आहेत. ओरडण्याचे महामंडळानं अजून केले नाहीत.”