ग्राहकाचा हात, कंपनीचा जगन्नाथ

दूरसंचार कंपनीच्या अ‍ॅप-विभागात नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. जुन्या जाणत्यांनीही एकदा नजरेखालून घालायला हरकत नाही. दरडोई महिन्याची वसुली, बैठकीत जिला ‘आर्पू’ म्हणतात ती, नुसत्या दरवाढीने किती वाढवणार? डिसेंबर २०१९ मध्ये दरवाढ झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, जुलै २०२४ मध्येही झाली. दरवेळी पेपरात मथळे येतात, लोक चार दिवस चिडतात, काही जण तावातावाने बीएसएनएलचे सिम घेऊन येतात. अ‍ॅपमधल्या वसुलीची मात्र बातमी होत नाही. ती ग्राहकाने स्वतःच्या अंगठ्याने केलेली असते.

पहिले काम गल्लीच्या कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याला बाजूला सारण्याचे. हा इसम वरवर आपला वाटतो, कमिशनही आपलेच खातो, पण मनाने तो ग्राहकाकडचा. त्याच्या काउंटरवर काय चालते ते एकदा उभे राहून ऐकावे.

“दादा, तीनशेचं मारा.”

“मावशी, तुम्हाला कशाला तीनशेचं? घरी वायफाय आहे ना? हे छोटं मारतो. आणि अजून चार दिवस आहेत तुमचे, सोमवारी या.”

अशी दोन वाक्ये दिवसातून पन्नासदा बोलली गेली तर तिमाही निकालाचे काय होईल? शिवाय मावशींना नेट लागत नाही, त्यांचा मुलगा पुण्यात असतो, पेन्शन पाच तारखेला येते, हे सगळे त्याला तोंडपाठ. ही माहिती आपल्याकडेही आहे, उलट जास्तच आहे. फरक इतकाच, की आपण तिचा उपयोग योग्य दिशेने करतो. म्हणून ‘फक्त अ‍ॅपवर’ असे लिहून एखादी सवलत द्यावी आणि मावशींना अ‍ॅपवर आणावे. एकदा त्या आल्या की पॅक शोधणे, निवडणे, पैसे भरणे, न झालेल्या रिचार्जची तक्रार नोंदवणे ही सगळी कारकुनी त्या स्वतःच करतील. वर पगार नको, रजा नको, दिवाळीचा बोनस नको.

आता पहिला पडदा. ग्राहक अ‍ॅप उघडतो तो बहुतेकदा एकाच कारणासाठी: नेट किती उरले? हा आकडा त्याला ताबडतोब दाखवणे म्हणजे देवळात आलेल्या भाविकाला दानपेटीच्या आधीच दर्शन घडवणे. म्हणून आधी नवी आवृत्ती उतरवून घ्यायला सांगावे. मग ठिकाण जाणून घेण्याची परवानगी मागावी. मग ‘चाक फिरवा, बक्षीस जिंका’. चाकावर मोटारसायकलचे चित्र असावे, पण काटा दीड हजाराच्या बुटांवर पन्नास रुपये सूट देणाऱ्या कूपनवरच थांबावा. त्याखाली सिनेमांची जाहिरात, त्याखाली कर्जाची, आणि त्याखाली, राखाडी पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरांत, उरलेले नेट. आकड्याच्या शेजारी ‘वाढवा’ हे बटण मात्र ठसठशीत असू द्यावे. एवढ्यावर एखादी चौकट मध्येच उगवली तर तिच्यात दोन पर्याय ठेवावेत: ‘हो, हवा’ आणि ‘नंतर आठवण करा’. ‘नको’ हा शब्द अ‍ॅपच्या कोशात नसावा.

यापुढचा भाग पाठ करावा, कारण आपल्या धंद्याची खरी विद्या यात आहे. महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. रोमन लोकांपासून सगळ्यांनी दिनदर्शिकेत ढवळाढवळ केली, पण फेब्रुवारीचे महत्त्व ओळखले ते आपणच. अठ्ठावीसने भागले की वर्षात तेरा महिने होतात. दिवसाला दीड जीबीचा, अठ्ठावीस दिवसांचा जिओचा पॅक जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ रुपयांवर गेला, तेव्हा लोकांनी साठ रुपये मोजले. तेरावा रिचार्ज कुणी मोजला नाही. बारा रिचार्जचे ३,५८८ होतात, तेरांचे ३,८८७. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो म्हणून जावयाला वाण देतात. आपला दरवर्षी येतो, आणि वाण आपल्यालाच मिळते. तिमाही पॅकही याच हिशोबाने चौऱ्याऐंशी दिवसांचा करावा.

दुसरी खुबी मध्यरात्रीची. दीड जीबी गुणिले अठ्ठावीस म्हणजे बेचाळीस जीबी, हे ग्राहकाने पैसे मोजून विकत घेतलेले असतात. ते त्याला एकरकमी देऊ नयेत. रोजचा रतीब लावावा. सोमवारी त्याने तीनशे एमबी वापरले तर उरलेले रात्री बारा वाजता आपोआप आपल्याकडे परत येतात. मंगळवारी पोराची ऑनलाइन परीक्षा निघाली आणि दीड जीबी दुपारीच संपले, तर कालचे उरलेले कुठे गेले असा प्रश्न त्याला पडण्याआधी एकोणीस-वीस रुपयांच्या जादा नेटची चौकट पडद्यावर हजर असावी. नेट संपत आल्याचा निरोप द्यावा लागतो, तो नियमच आहे. पण निरोपाच्या शेपटीला खरेदीचा दुवा लावू नये असे कुठे म्हटले आहे?

नियमांचे निघालेच आहे तर थोडे त्याविषयी. ट्रायशी, म्हणजे दूरसंचार नियामकाशी, भांडू नये, ट्रायचे ऐकावे. पूर्वी न मागता ज्योतिष, विनोद आणि क्रिकेटचा स्कोअर सुरू होऊन बॅलन्स कापला जायचा. २०१३ मध्ये ट्रायने दोनदा संमती घ्यायला लावली. घ्यावी. दोन्ही वेळा बटण एकाच जागी, अंगठ्याखालीच असले म्हणजे झाले. जानेवारी २०२२ मध्ये आदेश आला, की तीस दिवसांचा आणि दर महिन्याच्या एकाच तारखेला नूतनीकरण होणारा असे पॅकही ठेवा. ठेवावेत. आदेशात ते कितव्या पडद्यावर ठेवायचे हे लिहिलेले नाही. ‘लोकप्रिय’, ‘शिफारस केलेले’, ‘क्रिकेट विशेष’, ‘मनोरंजन’ आणि ‘परदेशवारी’ या खणांनंतर ‘इतर’ नावाचा खण असतो, तो याच कामासाठी. डिसेंबर २०२४ मध्ये तर नेट न वापरणाऱ्यांसाठी नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक द्या असेही फर्मान निघाले. वरच्या मावशींसाठीच जणू. पुढच्या महिन्यात असे पॅक आले, चौऱ्याऐंशी दिवसांपासून वर्षभरापर्यंतच्या मुदतीचे. ज्या बाईला महिन्याला थोडेच पैसे सुटे करता येतात, तिला एकदम साडेचारशे-पाचशे भरायला सांगितले की नियम पाळला जातो आणि पॅकही खपत नाही. हे सांगताना खुद्द अस्मादिकांनाही किंचित अवघडल्यासारखे होते, पण मार्गदर्शकाने भावनेच्या आहारी जाऊ नये.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’च्या तेरा प्रकारांची यादीच प्रसिद्ध केली. खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, नको म्हणणाऱ्याला लाजवणे, पुन्हा पुन्हा टुमणे लावणे, आत येणे सोपे पण बाहेर पडणे अवघड असे वर्गणीचे सापळे: सगळे व्याख्येसह. हेतू बंदीचा आहे, हे खरे. पण इतका नेटका अभ्यासक्रम फुकटात दुसरे कोण देणार?

माणसाशी बोलण्याची सोय शक्यतो टाळावी. तक्रारीसाठी १९८ हा फुकटचा नंबर आहे, पण तो ग्राहकाला अ‍ॅपमध्ये शोधून सापडला, तर तो पडदा ज्याने बनवला त्याची बदली करावी. त्याऐवजी हसऱ्या चेहऱ्याचा चॅटबॉट बसवावा, त्याला बाईचे गोड नाव द्यावे. ‘माझे पैसे कापले, रिचार्ज झाला नाही’ असे लिहिले तर त्याने ‘रिचार्ज’ एवढाच शब्द ओळखून पाच पॅक दाखवावेत. ‘अहो, पैसे गेले’ म्हटल्यावर ‘मला नीट कळले नाही’ म्हणून तेच पाच पुन्हा दाखवावेत. मराठी निवडण्याची सोय जरूर द्यावी, पण पहिल्या पडद्यापुरती. दुसऱ्या पडद्यापासून इंग्रजी.

एवढे करूनही काही ग्राहक निघून जातात. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्याला इलाज नाही. ‘पोर्ट’ हा शब्द आणि आपला नंबर १९०० वर एसएमएस केला की कोड येतो. अ‍ॅपमध्ये तसे बटण कुणी ठेवत नाही आणि ठेवूही नये. मात्र तो एसएमएस गेला रे गेला, की आपल्याकडचा खराखुरा माणूस जागा व्हावा. जो दोन वर्षे कुणालाही सापडला नाही, त्याने स्वतः फोन करावा, ‘सर’ म्हणावे, शुद्ध मराठीत तब्येतीची चौकशी करावी आणि तोच पॅक बऱ्याच कमी दरात देऊ करावा, ‘फक्त तुमच्यासाठी’. हा दर अ‍ॅपमध्ये चुकूनही दिसता कामा नये. चाळीतल्या एकाला कळला तर संध्याकाळपर्यंत सगळी चाळ १९०० वर एसएमएस करत बसेल. ग्राहक थांबला, की लगेच अभिप्राय मागावा. चार किंवा पाच तारे देणाऱ्याला थेट प्ले स्टोअरवर न्यावे, म्हणजे जगाला दिसेल. एक-दोन तारे देणाऱ्यासाठी मोठी पांढरी चौकट उघडावी, ‘मनमोकळेपणाने लिहा’ म्हणावे, आणि त्याचे लिहून झाले की पाठवण्याआधी पुन्हा लॉगिन करायला सांगावे.