सदर प्रश्नी कळविण्यात येते की...

उत्तरकाकांना कोणी काही विचारावं लागत नाही. डहाणू रोड स्टेशनाबाहेर दोन परकी माणसं नुसती एकमेकांकडे बघून "आता कुठे?" म्हणाली, की काका तिसरे होऊन उभे राहतात. "बोर्डीला ना?" असं स्वतःच विचारून ते स्वतःच "चला, सांगतो" म्हणतात. बिचाऱ्यांना जायचं असतं दवाखान्यात. पण तोवर त्यांना बोर्डीचा किनारा, घोलवडचा चिकू, त्या चिकूला २०१६ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन आणि परतीच्या लोकलची वेळ, सगळं कळून चुकलेलं असतं. दवाखान्याचा रस्ता तेवढा रिक्षावाला सांगतो.

हा माणूस जन्मापासून असा असता तर मी लिहायला बसलो नसतो. काकांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत गेली. अव्वल कारकून म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्या टेबलासमोर दोन पिढ्या प्रश्न घेऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही पिढ्यांना काकांनी एकच उत्तर दिलं, "उद्या या." "साहेब दौऱ्यावर आहेत" आणि "फाईल वर गेली आहे" हे त्याचेच पोटप्रकार. उधव्याहून दोन गाड्या बदलून आलेला म्हातारा सातबारा कधी मिळेल म्हणून विचारायचा, तेव्हा काका चष्म्यावरून त्याच्याकडे इतक्या शांतपणे बघायचे की म्हाताऱ्यालाच आपण काहीतरी वावगं बोललो असं वाटायचं. माणूस वाईट नव्हता. लाचसुद्धा घेत नसत. उत्तर तेवढं देत नसत.

मग निवृत्ती आली, आणि पाठोपाठ बोरिवलीच्या मुलाने घेऊन दिलेला मोठा फोन आला. त्या फोनमध्ये कोरा होतं. कॅलिफोर्नियात २००९ साली फेसबुकमधून बाहेर पडलेल्या दोघांनी काढलेलं हे प्रश्नोत्तरांचं दुकान पुढे मराठीतही उघडलं, आणि तिथे जगातल्या कोणीही काहीही विचारावं, कोणीही त्याला उत्तर द्यावं असा खुला कारभार होता. ना अर्ज, ना तिकीट, ना साहेबाची सही. काका दोन दिवस नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या कोणा मुलाने विचारलं, "मुंबईहून डहाणूपर्यंत लोकल जाते का?" आणि पस्तीस वर्षांचा बांध फुटला.

ते पहिलं उत्तर मी वाचलं आहे. सुरुवात अशी: "सदर प्रश्नी कळविण्यात येते की, उपनगरी सेवेचा विस्तार दिनांक १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणू रोडपर्यंत करण्यात आला." त्यानंतर दिनांक १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाल्याचं, त्याच्या आठही तालुक्यांची नावं, १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेल्याचं, आणि दिनांक २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवल्यामुळे इथे कारखाने का वाढले नाहीत, याचं सविस्तर टिपण होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत "होय, जाते" असं होतं. खाली सही, आणि सहीखाली "प्रत माहितीसाठी" लिहून पुढची जागा रिकामी. प्रत कोणाला पाठवायची हे बहुधा ठरलं नसावं.

या सरकारी मराठीनेच काकांना कीर्ती मिळवून दिली. एका मुलाने निनावी प्रश्न टाकला होता: "तिने माझा मेसेज वाचला, पण उत्तर दिलं नाही. आता काय करू?" त्यावर काकांनी लिहिलं, "सदर प्रकरणी सात दिवस प्रतीक्षा करून प्रथम स्मरणपत्र पाठवावे. त्यासही प्रतिसाद न मिळाल्यास प्रकरण नस्तीबंद करावे." हजारो लोकांनी याला पसंती दिली. लोकांना वाटलं, काय विनोदी लेखक आहे! काकांनी ते अत्यंत गांभीर्याने लिहिलं होतं. तिसरं स्मरणपत्र पाठवू नये, असाही एक परिच्छेद होता, पण तो "अनावश्यक विस्तार नको" म्हणून त्यांनी काढला. त्यांच्या लेखनातून विस्तार काढला गेल्याचा मला माहीत असलेला हा एकमेव प्रसंग.

तेव्हापासून काका पहाटे उठून आधी मतं मोजतात. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. "गॅस सिलिंडर संपत आलाय, नंबर लावलात का?" हा प्रश्न त्या दोन दिवस विचारत होत्या. काका मान वर करेनात, कारण ते नागपूरच्या एका गृहिणीला सिलिंडरचा नंबर कसा लावावा हे समजावून सांगत होते. शेवटी काकूंनी शेजारच्या मुलीकडून स्वतःचं खातं काढून घेतलं आणि कोरावर प्रश्न टाकला, "डहाणूत राहणाऱ्या निवृत्त गृहस्थाने घरचा सिलिंडर कधी लावावा?" काकांनी त्याला उत्तर दिलं. चांगलं दिलं. सिलिंडर आला तो मात्र काकूंनी लावलेल्या नंबरावर.

ओळखी वाढवत नेणं हा उत्तर देणाऱ्याचा व्यवसायधर्मच असावा. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांनी वारली चित्रं जगभर नेली आणि ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांना काकांनी एकदा एसटी स्टँडवर पाहिलं होतं. पहिल्या उत्तरात "पाहण्याचा योग आला" असं होतं. मग "दोन शब्द बोलण्याचा" योग आला. मग घरोब्याचे संबंध झाले. अलीकडच्या एका उत्तरात म्हसे काकांना सल्ला विचारताना दिसतात. काकांना चित्रातलं काही कळत नाही, हे त्या वेळी म्हसेंना कोणी सांगितलं नव्हतं एवढंच.

याच ओघात कोणीतरी विचारलं, वारली चित्रातला पांढरा रंग कशाचा? काकांनी शांती, पावित्र्य, मृत्यू, चंद्र, आत्मा आणि कोकणपट्टीतला मोसमी पाऊस यांची सांगड घालून असं काही लिहिलं की वाचणाऱ्याला चित्राकडे बघायची भीती वाटावी. खाली तलासरीकडच्या एका कॉलेजातल्या मुलीने लिहिलं, "काका, तांदळाचं पीठ असतं. माझी आजी काढते. बांबूच्या काडीने." काकांनी उत्तर दिलं, "आपल्या मताचा आदर आहे."

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हा माणूस नुसता घरात बसून थापा मारतो. तसं नाही. मला काका आवडतात ते याच्यापुढे. एखाद्या प्रश्नात अडले की ते चप्पल घालून बाहेर पडतात. "चिकू तोडायला आला हे कसं ओळखावं?" या प्रश्नावर त्यांनी अमेरिका खंडातल्या त्याच्या मूळ देशापासून कालीपत्ती जातीपर्यंत आणि इथे बागा वाढवणाऱ्या इराणी कुटुंबांपर्यंत सगळं लिहिलं, आणि मग लक्षात आलं की प्रश्न राहिलाच. मग घोलवडच्या एका वाडीत जाऊन तासभर उन्हात उभे राहिले. वाडीतला गडी शिडीवरून न उतरताच म्हणाला, "नख लावून बघा. खाली हिरवं दिसलं तर राहू द्या. पिवळट दिसलं तर काढा." एवढंच. काकांनी ते वहीत लिहून घेतलं, घरी आले आणि उत्तराच्या शेवटी जोडलं: "माझ्या प्रदीर्घ निरीक्षणानुसार..."

पापलेटाची गोष्ट याहून मोठी. "ताजं पापलेट कसं ओळखावं?" हा प्रश्न आला, तेव्हा २०२३ साली पापलेटला राज्यमासा घोषित केल्याची बातमी काकांकडे तयार होती, पण पुढे गाडी जाईना. ते बाजारात मासे विकणाऱ्या मावशीकडे गेले. मावशीचा मुलगा कॉलेजात, काकांचं सगळं लेखन तो तिला वाचून दाखवतो. तिने कोयता खाली ठेवला. "पहिलं सांग, बंदराचं काय लिहिलंस?"

आता वाढवण बंदर हा आमच्याकडे साधा प्रश्न नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. जगातल्या सगळ्या प्रश्नांवर मत असलेल्या काकांनी या एकाच प्रश्नाखाली लिहिलं होतं, "विषय न्यायप्रविष्ट असल्याने भाष्य करणे उचित होणार नाही."

मावशी म्हणाली, "मग पापलेटाचं पण न्यायप्रविष्ट आहे. उद्या ये."

काका दुसऱ्या दिवशी गेले. "बोट उशिरा लागली, उद्या ये." तिसऱ्या दिवशी गेले. मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिली, काका पिशवी घेऊन बाजूला उभे. चौथ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने एक जोडी विकत घेतली, तेव्हा तिने डोक्यापाशी अंगठ्याने दाबून दाखवलं: पांढरं पाणी आलं तर घे, लाल आलं तर जा. कचेरीतला जुना शिपाई त्या वेळी बाजारातच होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि काकांनाच त्याला पाणी द्यावं लागलं.

काकांना प्रतिस्पर्धी एकच, तलासरीचे सर. निवृत्त प्राथमिक शिक्षक. काकांचं ज्ञान अधिसूचनांतून येतं, सरांचं इतिहासातून, आणि सरांचा सगळा इतिहास झरीतून निघतो. झरी हे तलासरी तालुक्यातलं गाव. १९४५ साली तिथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा उठाव पेटला. सरांना तुम्ही जीएसटीबद्दल विचारा, मधुमेहाबद्दल विचारा, उत्तर झरीला पाणी प्यायल्याशिवाय पुढे जात नाही. कोणी वाद घातला की ते गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलंय का, एवढंच विचारतात. बहुतेकांनी वाचलेलं नसतं. वाद संपतो. हे शस्त्र काकांकडे नाही, आणि त्याची त्यांना मनापासून खंत आहे.

दोघांची खरी जुंपली ती भूकंपावरून. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली आणि हलतच राहिली. केंद्र धुंदलवाडीच्या आसपास. धुंदलवाडी डहाणू तालुक्यात, पण बाजारहाट तलासरीशीही, त्यामुळे भूकंप नेमका कोणाचा यावर दोघांत पत्रव्यवहार झाला. रात्री-अपरात्री "जाणवला का?" हा एकच प्रश्न सगळ्यांच्या फोनवर फिरायचा, आणि अधिकृत आकडा यायच्या आत काकांचा यायचा. त्यांचं मापन मांडणीवर चालायचं. भांडी वाजली तर तीन, भांडी पडली तर साडेतीन, काकू ओरडल्या तर चार. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेची माणसं यंत्रं लावायला आली, तेव्हा काका त्यांना भेटून ही पद्धत समजावून सांगणार होते. काकूंनी जाऊ दिलं नाही.

१ फेब्रुवारी २०१९ ला मात्र एका दिवसात धक्क्यांमागून धक्के आले, मोठा ४.१ चा. हळदपाड्याची दोन वर्षांची पोर घाबरून पळताना पडली आणि गेली. त्या रात्री धुंदलवाडीकडच्या कोणीतरी विचारलं, "आज घरात झोपू की बाहेर?" काकांनी बराच वेळ टाईप केलं, पुसलं, पुन्हा टाईप केलं. शेवटी लिहिलं, "सदर प्रश्नी सांगता येत नाही. आम्ही अंगणात आहोत." सरांनी त्याखाली लिहिलं, "आम्हीही." झरीचा उल्लेख नव्हता. विचारणाऱ्याने लिहिलं, "बरं." या उत्तराला एकही मत पडलं नाही आणि काकांनी ते कधी मोजलंही नाही.

दुसऱ्या दिवशी अर्थात रिश्टरच्या दशांशावरून दोघे पुन्हा भांडले.

दोघांची समोरासमोर गाठ पडली ती विवळवेढ्याला, महालक्ष्मीच्या यात्रेत. चैत्र पौर्णिमेला यात्रा सुरू होते आणि पंधरवडाभर चारोटीच्या त्या हमरस्त्याला माणसांचा पूर येतो, निम्मा गुजरातेतून. मी काकांबरोबर होतो. काकांनी सरांना फोटोवरून ओळखलं, सरांनी काकांना भाषेवरून. दोघेही अत्यंत आदराने वागले, म्हणजे एकमेकांना बोलू देत नव्हते. तेवढ्यात सुरतेकडचं एक कुटुंब घाम पुसत आलं आणि बापाने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "वर गडावर जायला किती टाइम?"

"पाऊण तास," सर म्हणाले.

"दीड तास. सदर मार्गावर गर्दीच्या कालावधीत..." काका म्हणाले.

"पाऊण. माझे विद्यार्थी अर्ध्या तासात जायचे."

"विद्यार्थ्यांचा निकष सर्वसामान्य भाविकांना लागू होत नाही."

कुटुंब एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिलं. सर झरीपर्यंत पोचलेच होते, इतक्यात बाजूला ताडगोळे सोलत बसलेली बाई मान वर न करता म्हणाली, "आत्ता नका जाऊ. पायऱ्या तापल्यात, पोरांचे पाय भाजतील. चारनंतर जा, मग कितीका लागंना."

बापाने तिच्यासमोरच बसकण मारली आणि सगळ्यांसाठी ताडगोळे सांगितले. इकडे काका आणि सर दोघांनी एकाच वेळी फोन बाहेर काढले. सरांनी बाईला तिचं गाव विचारलं. काकांनी काही विचारलं नाही. त्यांचं "माझ्या प्रदीर्घ निरीक्षणानुसार" लिहून झालं होतं.