टीचरचं सॉरी

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या ना. कपडे राहू देत, कुठे पळून जात नाहीत. ऐकलंत का टीचरकडचं? नाही कसं, अख्ख्या आळीत झालंय! म्हणजे गोव्यात ती ओरडली ते ऐकलं असेल तुम्ही. ते जुनं झालं. ती काय इथेही ओरडतेच, आपल्या ओट्यावर बसून ऐकू येतं. मी सांगतेय ते त्याच्या पुढचं.

हळू बोला हं, तिच्या सासूबाई मागे केळीत आहेत.

तर गेल्या नाताळच्या सुटीत गेले ना सगळे जुन्या गोव्याला, सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला. दहा वर्षांनी एकदा असतं ते, 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत होतं. सासूबाईंनी ऑगस्टपासूनच सुरू केलं होतं, "पुढचं चौतीस साली, तोवर मी असेन, नसेन..." आता एवढं बोलल्यावर कुठला मुलगा नाही म्हणेल? त्याने लगेच हो म्हटलं. हो म्हणायचं काम त्याचं. तिकिटं, राहायची जागा, औषधं, धाकटीच्या उलटीच्या गोळ्या, खायला सुकेळी आणि फुगे, सासूबाईंचं घडीचं लाल लुगडं, ते सगळं कुणाचं हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि वर जाऊबाई, म्हणाली, "मीही येते, माझं काही ओझं नाही." ओझं नाही! दोन बॅगा तिच्या एकटीच्या.

आणि टीचर म्हणजे... तुम्हाला स्वभाव माहीत आहेच. मनाने सोनं, पण डोकं असं की दूध उतू जायला वेळ लागेल, हिला नाही. तिचं तिलाच वाईट वाटतं हो. दर महिन्याला कन्फेशनला जाते आणि दर महिन्याला तेच पाप सांगते. फादर नाही हो सांगत, त्यांच्या तोंडून मरेपर्यंत निघायचं नाही. हिनेच मला सांगितलं, इथेच, या जाळीला धरून. आगमनकाळातल्या कन्फेशनला म्हणे फादरांशी वादच घातला, "फादर, खुद्द येशूने मंदिरात सराफांची टेबलं उलथवली की नाही?" फादर म्हणाले, "उलथवली. पण रोज सकाळी शाळेच्या बसच्या वेळेला नाही." हसत सांगत होती, पण डोळे भरले होते तिचे.

मग फादरांनी उपाय दिला. ओरडायचं तोंडावर आलं की आधी एक 'नमो मारिया' म्हणायची, सावकाश. झालं काय, ही म्हणते, पण दात-ओठ खाऊन. आता पोरांना सवय झालीय. आई "नमो मा..." म्हणाली की दोघंही पसार. परवा संध्याकाळी रोजरीला आजीने सुरुवात केली, तर धाकटी उठून पळालीच! आजीला कळेना काय झालं ते.

तर काय सांगत होते? हां, गाडी. ती नाही का बांद्रा-मडगाव सुरू झालीय ऑगस्टात, आपल्या वसईहून जाणारी, आठवड्यातून दोनदा? नाताळनंतरच्या शुक्रवारी तीच धरली त्यांनी. आता वसईला तिचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात, गाडी बराच वेळ उभी असते. हे सगळ्यांना माहीत, टीचरला नाही. ती सामान लावतेय, मागे वळून बघते तर नवराही नाही आणि मुलगाही नाही. आणि तेवढ्यात डब्याला बसला की हो धक्का! दारात उभी राहून अशी ओरडली म्हणे की पलीकडच्या फलाटावरची माणसं वळली. ते दोघं आरामात येतायत, हातात वडापाव, "अगं, इंजिन जोडताना बघत होतो, गाडी कुठे चाललीय!" अख्खा डबा हिच्याकडे बघतोय. जाऊबाई खिडकीतून बाहेर बघत बसली, जणू ओळखतच नाही. आणि सासूबाईंनी पिशवीतून माळ काढली आणि मोठ्याने रोजरी सुरू केली. मोठ्याने हं! त्यात काय सुचवायचं होतं ते डब्याला कळलं. करमळीला उतरेपर्यंत रात्र झाली, तोवर कुणी कुणाशी धड बोललं नाही. मला जाऊबाईनेच सांगितलं हे सगळं. परतल्यावर बॅग उघडायच्या आधी फोन केलान तिने मला. आळीत पहिला फोन मलाच.

तुम्ही म्हणाल, नवरा काय करत होता? तो शांत. त्याचं शांत असणं हीच तर... आठवतं का, 27 ऑगस्टला संत मोनिकेच्या सणाला प्रवचनात फादर सांगत होते, मोनिकेचा नवरा भयंकर तापट, ती त्याला उलट बोलायची नाही, राग निवाला की मग समजावायची, ऑगस्टीनने स्वतःच लिहून ठेवलंय. अख्खी बाकं वळून टीचरच्या नवऱ्याकडे बघायला लागली! आणि तो गालातल्या गालात हसला. मला नाही आवडलं ते. मोनिकेला कुणी दर सुटीला घर बॅगेत भरून न्यायला सांगितलं नव्हतं. आणि काय हो, संत जेरोम काय कमी तापट होते? पत्रांतून भल्याभल्यांना सोलून काढायचे. पण त्यांनी बायबल लॅटिनमध्ये आणलं, म्हणून त्यांचा स्वभाव, आणि हिने पाच माणसांचा डबा केला तर हिचा दोष... असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेला. नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधला शनिवार, म्हणजे गर्दी विचारू नका. शवपेटी बॉम जेझू चर्चमधून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेऊन ठेवतात, तिथे रांग. देशोदेशीची माणसं, हिंदूही पुष्कळ, गोव्याचा सायब म्हणजे सगळ्यांचाच. ऊन वर आलेलं. नवरा फोनवर, ऑफिसचं काहीतरी. जाऊबाई सेल्फी काढतेय. सासूबाईंना चहा हवाय. धाकटीला शू लागलीय. आणि मुलगा, पाचवीतला तो, कोकम सरबताचा ग्लास घेऊन आला आजीसाठी, आजीसाठीच हं, आणि कुणाचा तरी धक्का लागून सगळं सरबत आजीच्या लुगड्यावर.

आता मला सांगा, लालभडक लुगडं, त्यावर कोकम. डाग दिसणार कुठे? पण सासूबाई "अगो माझं घडीचं!" करून अशा किंचाळल्या, आणि टीचरचा बांध फुटला. या खेपेला 'नमो मारिया' नाही की काही नाही. म्हणाली, "तुला आणायलाच नको होतं!"

बस. एवढंच. एरवी ती चार मिनिटं बोलते, तेव्हा एकच वाक्य बोलली. आणि पोरगं रडलं नाही, उलट बोललं नाही. रिकामा ग्लास धरून उभं राहिलं, तोंड दुसरीकडे करून. पुढे सायबाची पेटी आली, सगळ्यांनी हात जोडले, या पोराने मान वर केली नाही. जाऊबाई सांगत होती, "वहिनीचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं ऊन लागलं." ऊन कसलं!

उतरले होते दिवाडीला, बेटावर. जुन्या गोव्याहून फेरीबोट जाते, पाच-सात मिनिटांत पलीकडे. संध्याकाळी बोटीत चढले, सूर्य पार खाली आलेला. आणि इथे खरी गंमत, वहिनी. टीचर त्या लोखंडी डेकवर, स्कूटरवाल्यांच्या गर्दीत, मुलासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मी जे बोलले ते खोटं होतं. तुला आणल्याशिवाय मी कुठे गेले नसते. सॉरी." सगळ्यांसमोर! दीराच्या बायकोसमोर, सासूसमोर, परक्या माणसांसमोर.

चेहरे बघायला हवे होते म्हणे. नवऱ्याने फोन खिशात घातला, पहिल्यांदा त्या दिवसात. आणि सासूबाई... आपल्याकडे पोरांना ओरडलं म्हणून कुणाचं काय बिघडत नाही हो, आपण काय कमी मार खाल्लाय? पण आईने पोराची माफी मागायची म्हणजे! सासूबाई म्हणाल्या, "हे कुठल्या शाळेत शिकलीस? आम्ही नाही कधी मागितली." तर टीचर शांतपणे म्हणाली, "तुमच्या फ्रेममधल्या पोपसाहेबांच्या."

कशी आहे! आता फ्रान्सिस पोपचा फोटो सासूबाईंच्या खाटेवर, रोज ताजं फूल. आणि त्यांनीच नाही का सांगितलं, 2015 साली फिलाडेल्फियाला कुटुंबांच्या मेळाव्यात, की घर म्हटलं की भांडण होणार, बशासुद्धा उडणार, पण रात्र व्हायच्या आत समेट करा. सासूबाई गप्प. पोपला कसं खोटं पाडणार?

आणि पोरगं काय म्हणालं माहितेय? "मग मी एकदम पुढे टोकाला उभा राहू?" टीचरने तोंड उघडलं, "नमो मा..." आणि अख्खं कुटुंब हसायला लागलं. हे जाऊबाईने नाही सांगितलं हं. हे मला धाकटीने सांगितलं. जाऊबाईने आळीभर एवढंच फिरवलं की वहिनीचं डोकं फिरलंय, बोटीत लोकांसमोर गुडघे टेकून रडली. अख्ख्या ट्रिपमध्ये आपण स्वतःचा कप विसळला का, ते नाही कुणाला सांगितलं.

थांबा, जाऊ नका, अजून आहे.

गोव्याहून आल्यावर टीचरने फ्रिजवर लिस्ट लावली. उपवासकाळात नाही, जानेवारीतच. पुढच्या सुटीला कुणी काय करायचं. तिकिटं आणि बॅगा नवरा. पाण्याच्या बाटल्या मुलगा. आपली औषधं आजी स्वतः. सासूबाई चार महिने त्या फ्रिजकडे बघायच्या नाहीत, दूध हवं असलं तरी धाकटीला सांगायच्या काढायला. मग ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोप गेले. सासूबाई किती रडल्या ते तुम्ही पाहिलंतच. अंत्यविधी टीव्हीवर लागला त्या शनिवारी मी तिथेच होते. कुणीतरी त्यांची शिकवण सांगत होतं, घरात तीन शब्द हवेत, प्लीज, थँक्यू आणि सॉरी. टीचर स्वयंपाकघराच्या दारात उभी, काही बोलली नाही, नुसती बघत होती. आणि सासूबाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणतात, "जरा चहा टाकतेस का... प्लीज."

टीचरच्या हातातून चमचाच पडला. सॉरीपर्यंत नाही हं पोचल्या अजून. एकदम तिन्ही कशाला?

तर आता मेमध्ये महाबळेश्वर ठरलंय. नवऱ्याने खरंच बुकिंग केलं, तारीख चुकवली, परत केलं, ही ओरडली नाही. म्हणजे ओरडली, पण दार लावून. आणि काल रात्री सासूबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मला घाट झेपत नाही, तुम्ही चौघं जा. मी आठ दिवस धाकट्याकडे राहते." धाकट्याकडे म्हणजे मिरा रोडला, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये, जाऊबाईकडे! जाऊबाई तिथेच सोफ्यावर बसलेली, हातात फुगा, अर्धा तोंडात. "घरून काम असतं हो माझं..." म्हणायला लागली, तर सासूबाई म्हणतात, "मी काही ओझं नाही गो." आणि टीचरने, शपथेवर सांगते, फ्रिजवरची ती लिस्ट काढली, घडी केली आणि जाऊबाईच्या पर्समध्ये ठेवली.