कॅप्टनचे चाळीस डेसिबल

कॅप्टनकडे चहाला जायचं ठरलं की आमच्या हिच्या पर्समध्ये आधी डोकेदुखीची गोळी जाते. चहा उत्तम असतो, चिवडा वहिनी घरी करतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण कप अर्धा झाला की कॅप्टन रिमोट उचलतो. "परवाचं फ्लाइट लावतो. बघू नका हं, ऐका."

पूर्वी काश्मीर ट्रिपचे अल्बम मांडीवर ठेवणारे काका असत, त्यांचाच हा वंशज. अल्बमची पानं निदान दोन-दोन उलटता येत.

कॅप्टन पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर इंजिनिअर. शनिवारी सकाळी सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून भाड्याचं सेसना 172 घेतो, गोल्डन गेटला प्रदक्षिणा घालतो आणि जेवायच्या वेळेला घरी. खासगी वैमानिकाच्या लायसनसाठी इथे किमान 40 तासांचं उड्डाण गाठीशी लागतं. कॅप्टनला इंटरकॉमचा आवाज फोनमध्ये घ्यायला त्याहून जास्त वेळ लागला. नियमाप्रमाणे खासगी वैमानिकाला पाहुण्यांकडून भाडं घेता येत नाही, खर्चाचा वाटा तेवढा घेता येतो. कॅप्टन तोही घेत नाही. तो कान घेतो.

पहिल्यांदा त्याने फोन नुसता काचेला चिकटवला होता. घरी येऊन लावला, तर सबंध गोल्डन गेटवर घर्रर्र. सेसनाचं इंजिन समोर नाकातच असतं. आत माणसं कानांवर हेडसेट चढवून इंटरकॉमवर बोलतात, आणि ते बोलणं बाहेरच्या हवेत जवळजवळ येतच नाही. फोन बिचारा इंजिन ऐकत बसतो. त्यात पंखा विळ्यासारखा वाकडा दिसत होता, कारण फोनचा कॅमेरा चित्र एकदम न घेता ओळीओळीने घेतो. वाकड्या पंख्याचं कॅप्टनला काही वाटलं नाही. टॉवरशी आपण काय ऐटीत बोललो ते कुणालाच कळणार नाही, या विचाराने मात्र त्याची झोप उडाली.

मग वायर आली आणि वायरीबरोबर चाळीस डेसिबल आले. प्रकरण असं की इंटरकॉममधून निघणारा सिग्नल हेडफोन वाजवण्याइतका दांडगा असतो, आणि फोनच्या माइकच्या वाटेला व्होल्टच्या हजाराव्या हिश्शांची सवय. थेट जोडलं तर सगळा आवाज फाटतो. म्हणून मधे चाळीस डेसिबलने सिग्नल पाडणारी वायर घालायची, म्हणजे व्होल्टेज शंभरपट कमी. शिवाय पलीकडे माइकच आहे असं फोनला पटवायला एक रेझिस्टर लागतो, नाहीतर फोन गुपचूप स्वतःच्या माइकवर जातो आणि पुन्हा घर्रर्र. हे सगळं जमेपर्यंत 2016 चा आयफोन 7 त्याच्या हातात आला, त्याला हेडफोनचं भोकच नाही. मग अडॅप्टर. मग अडॅप्टरचा अडॅप्टर.

तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट कॅप्टन चाळीस डेसिबलने मोजतो. मंडळाच्या गणपतीत ढोल-ताशा रंगात आला असताना हा माझ्या कानाशी येऊन ओरडला, "इथे चाळीस पुरणार नाहीत, साठ लागतील!" कुणाचं बाळ रडलं, चाळीस. अध्यक्षांचं भाषण लांबलं, चाळीस. आता वहिनीही सांगलीच्या काकांचा फोन आला की रिसीव्हर लांब धरून डोळ्यांनीच 'चाळीस' म्हणतात.

माझा मेहुणा एकदा हौसेने त्याच्याबरोबर गेला. हाफ मून बेच्या अलीकडे टेकड्यांवर विमान हिंदकळायला लागलं, मेहुण्याने कागदी पिशवी उघडली. कॅप्टन शांतपणे म्हणाला, "माइक ओठांना लावून ठेव." ती ध्वनिफीत अजून जपलेली आहे. स्टुडिओ क्वालिटी आहे म्हणतो.

वहिनींचं वेगळंच. इंटरकॉमला स्क्वेल्च नावाची खुंटी असते. आवाज ठरावीक पट्टीच्या वर गेला तरच माइक उघडतो, म्हणून हळू बोलणाऱ्यांची सुरुवातच कापली जाते. वहिनी हळू बोलतात. त्या म्हणाल्या, "नको, अजून वर?" इंटरकॉमने ऐकलं, "अजून वर." कॅप्टन वर गेला. घरी रेकॉर्डिंग लावून त्याने पुरावा दाखवला, आणि वहिनींनी पुन्हा विमानात पाऊल ठेवलेलं नाही.

मी हे सगळं तावातावाने लिहिणारच होतो. पण गेल्या खेपेला त्याने मिरजेहून आलेल्या आईचं फ्लाइट लावलं.

आईंना ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र कपाटात असतं. घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून माणूस तरी काय बोलणार? जेवलीस का, गोळी घेतली का. विमानात कॅप्टनने त्यांना हिरवा हेडसेट घातला आणि आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली. रेकॉर्डिंगमध्ये क्षणभर काहीच नाही. मग आई म्हणतात, "अरे, तुझा आवाज तुझ्या आजोबांसारखा झालाय."

नंतर मायलेक थांबतच नाहीत. गच्चीवरची टाकी गळते. वरच्या भाडेकरूने शिडी नेली ती परत नाही. वाड्यातला फणस पाडला, गरे सगळ्या गल्लीत वाटले. खाली सॅन फ्रान्सिस्को, मधेच कंट्रोलर उंची सांगतो. आई वैतागतात, "कोण रे हा, सारखा मधे मधे बोलतोय?"

"आई, तो कंट्रोलर."

"त्याला म्हणावं थांब जरा, मी बोलतेय."

बटण दाबल्याशिवाय रेडिओवर काही जात नाही, म्हणून बरं. कॅप्टनने घाईघाईने कंट्रोलरला उत्तर दिलं, तेही अडखळत, आणि परत आईला विचारलं, "हां, शिडीचं काय झालं मग?" त्याच्या सगळ्या चित्रफितींत टॉवरशी इतका गबाळा बोललेला हा एकच.

आई मिरजेला परतल्या. फोनवर पुन्हा "काय? काय म्हणालास?" सुरू झालंय. कॅप्टन ऑफिसला जाताना गाडीत टाकी, शिडी आणि फणस लावतो, हे वहिनींनी सांगितलं.

चित्राचं म्हणाल, तर फोन सुरुवातीलाच स्टँडवरून घसरला होता. पुढे सगळा वेळ पडद्यावर सेसनाचं छत आणि आईंच्या स्वेटरची बाही. कॅप्टनच्या हे अजून लक्षात आलेलं नाही, आणि त्याला काही बोलायचं नाही अशी आमच्या हिची मला सक्त ताकीद आहे.