आरिया, पण बेताने!

मराठी माणसाची जहाजे प्रामुख्याने अग्रलेखांत चालतात. तिथे देशाचे सुकाणू कुणाच्या तरी समर्थ हाती असते, संसाराची नौका वादळात सापडते आणि निवडणूक जवळ आली की पक्षाच्या शिडात वारा भरतो. प्रत्येक संमेलनाला एक सुकाणू समिती असते. तिच्यातल्या एकाही सभासदाने सुकाणू पाहिलेले नसते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसून वडापाव खाणे, ही आमची दर्यावर्दी परंपरा.

आमच्या मजल्यावरचे सारंगचाचा मात्र अस्सल. मूळचे रत्नागिरीकडचे, हयात मालवाहू जहाजांवर गेली. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्याच्या हाताखाली टिंडल. त्यांच्या गप्पांत माणसांना नावे नसतातच, हुद्दे असतात. चीफ ऑफिसर तो बडा मालूम, सुकाणू धरणारा सुकाणी, इलेक्ट्रिशियन बत्तीसाब. "आमचा कसाब फार गुणी माणूस," असे ते पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा आमच्या हिने चहाचा कप हळूच खाली ठेवला. चाचांनी लगेच खुलासा केला, "अगो, रंगाचे डबे आणि दोरखंड सांभाळतो, तो कसाब!"

या भाषेचा खरा दरारा कळला तो आमचे लोखंडी कपाट आले त्या दिवशी. जिन्याच्या वळणावर ते अडले. बाहेरून दोराने तिसऱ्या मजल्यावर चढवायचे ठरले, गच्चीवर कप्पी बांधली आणि चाचा लुंगी खोचून अंगणात उभे राहिले.

"हबेस!" चाचा गरजले.

टेम्पोवाली पोरे एकमेकांकडे बघू लागली. हबेस म्हणजे ओढा, वर घ्या. आरिया म्हणजे सोडा, खाली घ्या; हा शब्द पोर्तुगीज खलाशांकडून आलेला. बंदरात क्रेनखाली उभा असलेला माणूस आजही याच दोन शब्दांवर टनावारी माल हलवतो. पोर्तुगीज, अरबी, गुजराती, मराठी, इंग्रजी, ज्या बंदरात जे मिळाले ते उचलून खलाशांनी ही लस्करी बोली रचली. साहेबाला ती शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. थॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८११ मध्ये कोलकात्यात तिचा रीतसर कोशच छापला. हुकूम साहेबाने सोडायचा, पण खलाशाच्या बोलीत. नाहीतर शीड जागचे हलायचे नाही.

चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांना हे माहीत नसावे. "मला वाटतं, आपण ते थोडं अँटिक्लॉकवाइज रोटेट करून, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचा विचार करता..." इथवर ते आले आणि कपाट दुसऱ्या मजल्यावरच्या तुळशीच्या कुंडीपर्यंत पोहोचले. हवेत लोंबकळणारे वजन पोटवाक्यासाठी थांबत नाही.

"जमना! जमना!" चाचा ओरडले.

पोरे कुणा जमनाबाईला शोधू लागली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या गुजराती आजी खिडकीतून कडाडल्या, "अरे, जमणी बाजू! उजवीकडे खेचा, मुआ!" गुजरातीत जमणा म्हणजे उजवा, आणि लस्करीतही तेच. जन्मात जहाजावर पाय न ठेवलेल्या आजी क्षणात टिंडलपदी चढल्या. कुंडी वाचली. कपाट हबेस-हबेस करत गॅलरीत शिरले आणि शेवटच्या वीतभर उंचीवर चाचांनी इतका मऊ "आरिया" म्हटला, की आतली काचेची भांडीसुद्धा वाजली नाहीत.

इंजिनिअरसाहेबांनी त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सुरक्षिततेविषयी एक लांबलचक निवेदन टाकले. ते कुणी शेवटपर्यंत वाचले असेल, असे वाटत नाही. सेक्रेटरींनी मात्र दुसऱ्या दिवशी फलकावर खडूने लिहिले: "यापुढे सामान बाहेरून चढवताना सभासदांनी सूचना करू नयेत. हबेस सारंगचाचा म्हणतील. जमना-डावा तळमजल्याच्या आजी पाहतील. बाकीच्यांनी दोर धरावा."