इंजिनाला जुलाब

वाशिमात जुनी गाडी बाळगणाऱ्याला सल्ला मागावा लागत नाही. बॉनेट उघडायचा अवकाश, की पाटणी चौकातली चार डोकी आत वाकलेली असतात. आमची मारुती ८०० आहे १९९७ची. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. म्हणजे ही जिल्ह्याहून वयाने मोठी. पाटी अजून एमएच-३० अशी अकोल्याचीच, आणि एमएच-३७वाल्या पोरासोरांच्या गाड्यांकडे ती त्याच तोऱ्यात बघते. कंपनीने हे मॉडेल २०१४ साली बंद केलं, ही बातमी आम्ही तिला कळू दिलेली नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करावी लागते. २०२२ साली त्याची नुसती फी पाच हजार झाली होती, वर हरित कर निराळा. गाडीची बाजारातली किंमत आणि तिच्या कागदांचा खर्च आता एकमेकांना लांबून ओळखू लागले आहेत.

सल्ल्याची सुरुवात ऑइल मोजायच्या दांडीपासून होते. दांडी काढायची, फडक्याने पुसायची, परत घालून काढायची. मग जमलेल्यांपैकी प्रत्येक जण ऑइलचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतो, वास घेतो आणि गंभीर होतो. "काळं झालं, सर." अहो, काळं होणं हेच त्याचं काम! चांगल्या ऑइलमध्ये धुणारी द्रव्यं आधीच घातलेली असतात. ती काजळी उचलतात आणि तरंगत ठेवतात. हजारो किलोमीटर पळूनही ज्याचा रंग हलला नाही, त्या ऑइलने घाण आतच राहू दिली असण्याचा संभव जास्त.

पण हे ऐकतो कोण? दुकानदार कपाटातून एक झगमगीत शिशी काढतो. इंजिन फ्लश! जुन्या ऑइलात ओता, गाडी जागेवर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग सगळं खाली सोडून द्या. आमच्या लहानपणी परीक्षा संपली की आजी एरंडेल पाजायची, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की एरंडेलाच्या बाटलीवर रेसिंग कारचं चित्र नसायचं. शेजारचा ट्रकवाला म्हणतो, "शिसी कायले घेता? अर्धा लिटर डिझेल टाका, पाच मिनिटं घुर्र करा, मंग सोडून द्या."

आमचे मिस्त्री या दोघांचंही ऐकत नाहीत. पुसद नाक्याकडच्या त्यांच्या गॅरेजात बसायला एक उलटा डबा आहे, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. "सर, मय हाय म्हणून इंजिन उभं हाय. धुतलं का सीलातून गयते, मंग मलेच बोलसान." यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण शास्त्रही आहे. वर्षानुवर्षं घट्ट बसलेला गाळ जुलाबाने एकदम सुटला, तर तो चेंबरमध्ये उतरून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. वर ऑइल पोचत नाही, बेअरिंग जातात आणि इंजिन बांधायची वेळ येते. त्या खर्चात दुसरी ८०० येते.

मिस्त्रींचा इलाज कंटाळवाणा आहे, म्हणून कुणाला पटत नाही. साधं ऑइल आणि फिल्टर बदला, हजार-दीड हजार किलोमीटरवर पुन्हा बदला. मळ हळूहळू निघतो. पुढे दर पाच हजारांना किंवा वर्षाला.

पुण्याच्या भाच्याने फोनवर ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक सुचवलं. या ५डब्ल्यूची परीक्षा उणे तीस अंशांत घेतात. आमच्याकडे पारा दहाच्या खाली गेला की सकाळची शाळा उशिरा भरवा म्हणून पालक येतात! मिस्त्रींच्या २०डब्ल्यू-४०चीसुद्धा परीक्षा उणे पंधराला होते, म्हणजे वाशिमची थंडी त्यालाही किरकोळच. इथे बघायचा तो डब्ल्यूनंतरचा आकडा, कारण मे महिन्यातलं आमचं ऊन. मात्र जुनी गाडी विकत घेताना जाड ऑइलापासून सावध. ऑइल जळत असल्याचा निळा धूर चार दिवस दाबून ठेवायला ते फार उपयोगी पडतं.

मळ होतोच कशाने, याचं उत्तर मला शिशीपेक्षा रंजक वाटलं. वाशीम लहान आहे म्हणून! घर ते शाळा, शाळा ते बाजार. इंजिन तापायच्या आत गाव संपतं. पेट्रोल जळताना वाफ होते, थंड इंजिनात तिचं पाणी होतं आणि ते ऑइलात मिसळून राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडा, खालून पिवळट चिकटा लागलेला दिसेल. तो उडवायला गाडी चांगली तापावी लागते, आणि त्यासाठी लांब जावं लागतं.

तेव्हा एवढं करा. डब्याचं सील आपल्यासमोर तोडायला लावा; आतलं कुपन मिस्त्रींना घेऊ द्या, पण रिकाम्या डब्याला भोक पाडूनच घरी या, नाहीतर तो पुन्हा भरून तुम्हालाच विकला जायचा. काळं ऑइल नालीत सोडू नका. आणि शिशीचे जे पैसे वाचतील त्यांचं पेट्रोल भरून घरच्यांना पोहरादेवीला नाहीतर शेगावला नेऊन आणा, इंजिन तापेल.