काशीमिऱ्याचे अदृश्यशास्त्र

वस्तू अदृश्य करण्याच्या विद्येला भौतिकशास्त्रात प्रतिष्ठा मिळाली ती २००६ साली, जेव्हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील जॉन पेंड्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, वस्तूभोवती योग्य गुणधर्मांचे आवरण रचल्यास येणाऱ्या लहरी तिला वळसा घालून पलीकडे पूर्ववत जुळतील आणि मध्ये काही होते याचा पाहणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तांब्याचे एक छोटे नळकांडे सूक्ष्मलहरींपासून, तेही अर्धवटच, लपवण्यात आले. त्यासाठी वापरलेले ‘मेटामटेरियल’ हे कृत्रिम द्रव्य असून त्याचे गुण मूळ पदार्थापेक्षा त्यावरील, लहरीच्या लांबीहून लहान असलेल्या नक्षीतून येतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असल्याने इतकी बारीक नक्षी माणसाच्या मापाच्या आवरणावर काढणे प्रयोगशाळांना अद्याप जमलेले नाही.

मीरा-भाईंदरमधील, विशेषतः काशीमिरा भागातील, गाण्याच्या परवान्याआड नाच चालवणाऱ्या काही ऑर्केस्ट्रा बारांनी मात्र हा प्रश्न गवंडी, सुतार आणि आरसेवाला एवढ्याच मनुष्यबळावर सोडवला. छाप्यांच्या बातम्यांत वारंवार येणारी ‘कॅव्हिटी’ म्हणजे भिंतीमागे वा आरशामागे, बहुधा मेकअप रूमला लागून केलेली चोरखोली होय. पोलीस आल्याची वर्दी मिळताच परवान्यातील संख्येपेक्षा अधिक असलेल्या स्त्रियांना तिच्यात दाटीवाटीने कोंबले जाते आणि दार लागले की आरसा पुन्हा निष्पाप दिसू लागतो. जेन्सन ली व पेंड्री यांनी २००८ साली नेमका हाच विचार गणिताने सिद्ध केला: परावर्तक पृष्ठभागाखाली उंचवटा करून त्यात वस्तू ठेवावी आणि वर असे आवरण घालावे की तो पृष्ठभाग सपाटच भासावा. या रचनेला ‘गालिचा-आवरण’ म्हणतात. काशीमिऱ्याच्या कारागिरांनी तो निबंध वाचला असण्याचा संभव कमी असल्याने स्वतंत्र शोधाचे श्रेय त्यांना नाकारणे अन्यायाचे होईल.

उणिवा दोन्हीकडे आहेत. ड्यूकमधील आवरण लहरींच्या अरुंद पट्ट्यातच चालले, तर कॅव्हिटी केवळ डोळ्यांपुरती चालते. भिंत ठोकून पाहिली की ती पोकळ वाजते आणि खबऱ्याच्या टिपेपुढे तिचा मुळीच निभाव लागत नाही. शिवाय कॅव्हिटीबरोबर काही वेळा असेही उघडकीस येते की सबंध बांधकामच अनधिकृत होते. हमरस्त्यालगत रंगीत रोषणाईनिशी उभी असलेली ही वास्तू इतका काळ कोणत्या मेटामटेरियलखाली झाकलेली होती, यावर संशोधन झालेले नाही, आणि त्यासाठी अनुदान मिळण्याची चिन्हेही नाहीत.

या शास्त्राला खरा राजाश्रय दिला तो कायद्याने. स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे कारण देऊन महाराष्ट्र शासनाने २००५ साली डान्स बारवर बंदी घातली, ती घालताना तारांकित हॉटेलांतील प्रतिष्ठा मात्र आपोआप सुरक्षित असल्याचे गृहीत धरले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अवैध ठरवली, तेव्हा २०१६ साली अटींनी गच्च भरलेला नवा कायदा आला. पेंड्री यांच्या सिद्धांताचा एक उपसिद्धांत फारसा सांगितला जात नाही: आवरण परिपूर्ण असेल तर आत प्रकाशच पोहोचत नाही, म्हणून आतल्याला बाहेरचे काहीच दिसत नाही. ज्यांच्या प्रतिष्ठेसाठी हा सारा खटाटोप झाला त्या स्त्रिया आरशामागच्या कोंदट अंधारात हा उपसिद्धांत अनुभवतात, आणि बाहेर काढल्यावर पोलिसांच्या नोंदीत त्यांची ‘सुटका’ होते. त्यांच्या पोटापाण्याचे पुढे काय, हा रकाना त्या नोंदीत नसतो.

१७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या कायद्यातील अनेक अटी रद्द केल्या, नियमन करता येईल पण संपूर्ण बंदी घालता येणार नाही असे बजावले, आणि त्याच निकालात हेही नोंदवले की २००५ पासून तोपर्यंत एकाही व्यक्तीला डान्स बारचा परवाना देण्यात आलेला नव्हता.